शेठजींचा दुपट्टा
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की देवळीच्या कापूस जिनिंगमधली ती दुपार आठवते. बाहेर लू सुटलेली. ई-मेल ज्यातून जायची-यायची तो सर्व्हर सारखा गोठत होता आणि गाठींच्या सौद्याचं उत्तर संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. दुरुस्तीला आलेला मी समोर बसलो की तो सुरळीत चालायचा, चहाला उठलो की जिनिंगचे मालक शेठजी डोक्याला दुपट्टा गुंडाळत धावत यायचे, "पुन्हा अटकला जी! काऊन असं करून राह्यला हा?" शेवटी कप तसाच ठेवून मी हळूच परतलो, तर शेठजी तोच दुपट्टा सर्व्हरच्या तापलेल्या पेटीभोवती घट्ट बांधत होते. "ऊन लागते ना त्याले!" दुपट्टा सोडला, हवेची जाळी मोकळी झाली, मेल गेली. आता माझे सर्व्हर थंडगार खोलीत असतात. त्यांना ऊन लागेल म्हणून कुणाचा जीव तुटत नाही.