सारंगाचा कोट

आमच्या धरमतरच्या आगबोटीचा सारंग खोटा आहे, हे मला ठाऊक होतं. बोट हाकणारा खरा सारंग लग्नाला म्हणून म्हसळ्याला गेला तो महिनोन् महिने फिरकलाच नाही. मग बोटीवरच्या स्वयंपाक्याने त्याचा पितळी बटणांचा कोट चढवला आणि सुकाणू धरलं. कोट पोटावर मिटत नसे, पण ऐट कप्तानाची. धुकं पडलं की हा पळीने खाडीचं पाणी काढून तळहातावर घ्यायचा, चाटायचा. "मीठ उतरलं. आला धक्का!" आणि बंदराचा धक्का यायचाच. मी बोटीवरचा तिकीटमास्तर, मी कशाला तोंड उघडतो?

एक दिवस खरा सारंग उगवला. कोट परत गेला. पहिल्याच धुक्यात बोट चिखलात रुतली. मी चुलीपाशी जाऊन विचारलं, "आज पाणी चाखलं नाहीस?"

"चाखलं व्हतं की, मास्तर," माझ्या ताटात भात वाढत तो म्हणाला, "पन सैपाक्याला कोन इचारतंय?"