मिरचीच्या पटांगणातली लेझीम

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी लेकीचं लग्न मी माझ्याच पटांगणात लावलं. नवीन जालन्यात मी मिरचीचा व्यापार करते. ते पटांगण मिरची वाळवायचं. लेकीचा एकच हट्ट होता, सासरी निघेन तर मामाच्या लेझमीतून. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, केदारखेड्याच्या लेझीम पथकाचा म्होरक्या. वडिलांच्या शेतावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर त्याने माझी सही घेतली, तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. लेकीसाठी फोन केला.

परवानगीची घासाघीसही मीच केली. पथक वीस जणांचं, पोलीस ठाण्यातला हवालदार चारावर अडलेला. शेवटी आठ नाचणारे आणि एक हलगीवाला, यावर जमलं. दोघांमधल्या अंतराचे सहा फूट मात्र मला पाच करता आले नाहीत. कुणी कुणाच्या जवळ गेलं की हलगी बंद, असं बजावून तो लग्नाच्या दिवशी मोजायचा टेप घेऊन दारात उभा राहिला.

मी सकाळीच पांढऱ्या फक्कीने सहा-सहा फुटांवर आठ गोल आखले होते. भावाने ते पाहिले आणि मास्कच्या आत हसला.

"आक्का, माणसं हायेत ही, मिरचीचे ढीग न्हाईत. हात लांबवले तर जातील कुठं?"

खरंच, मी उभा माणूस मोजला होता, नाचणारा नाही. पण कबूल कोण करणार? दुसऱ्याची हद्द पुसायची तुला सवयच आहे, असं मी सगळ्यांसमोर सुनावलं. त्याने पायाने एकेक गोल पुसला. मग आठही जणांनी लेझीम ताणून हात लांब केले, जागच्या जागी फिरले आणि दोघांच्या मध्ये आणखी एक लेझीम मावेपर्यंत मागे सरकत राहिले.

हलगी सुरू झाली. कुणी जमिनीकडे बघत नव्हतं, शेजाऱ्याकडेही नाही. एक वाकून पुढे आला की समोरचा मागे गेलेला असायचा. एक वळला की त्याच्या पाठीमागची जागा आधीच मोकळी. पाठीला दिसत असल्यासारखं. माझा जन्म अर्ध्या बोटासाठी भांडण्यात गेला. इथे जागा पडलेली होती आणि कुणी घेत नव्हतं. ज्याने माझं अख्खं शेत घेतलं, तोही कुणाच्या वीतभर जागेत शिरत नव्हता. राग काही गेला नाही, पण तोंडाशी आलेली शिवी तिथेच राहिली.

हवालदाराने दोनदा टेप लांबवला. मग गुंडाळून खिशात ठेवला.

लेक निघाली ती शालू सांभाळत थेट नाचात शिरली. मी ओरडणार होते. पण वर्तुळ उघडलं, मिटलं आणि तिच्याबरोबर चालू लागलं. ती मध्ये, चहूबाजूंनी तेवढंच अंतर. भाचीच्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता, म्हणून भावाने तिच्यापुढे लेझीम जमिनीला टेकवली आणि मागे मागे नाचत तिला गाडीपर्यंत नेलं. तिच्या पदरालाही कुणाचा धक्का लागला नाही.

गाडी निघून गेली. तरी ते आठ जण मधली जागा तशीच राखून नाचत होते, ती अजून आत उभी असल्यासारखे. मी थांबवलं नाही.