जावयांचा डबा, जुना फोन आणि माझी छाती

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "हार्ट अटॅक आहे." मी कॉटवर घामाने निथळत होतो, तरी त्यांची चूक सुधारायला गेलो. "नाही हो साहेब, फणस आहे. सकाळी गरे जरा जास्त झालेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते थेट सुमनशी, म्हणजे माझ्या बायकोशी बोलू लागले.

मायोकार्डिअल इन्फार्क्शन असं या दुखण्याचं पूर्ण नाव. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू गुदमरतो. मला स्ट्रेप्टोकायनेज दिलं. ते गुठळी विरघळवणारं औषध. "हे जितकं लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो," डॉक्टर म्हणाले. "एवढा उशीर का केलात?"

"फोन लागेना," सुमन म्हणाली.

आता या फोनची हकिगत सांगायलाच हवी, कारण माझा निम्मा आजार तोच होता.

आमची मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली. जावई हुशार. त्यांनी एक डबा पाठवला. तो इंटरनेटच्या मॉडेमला जोडायचा, डब्याला फोन लावायचा, की रत्नागिरीत बसून आपला नंबर अमेरिकेचा. मुलीशी हव्या तितक्या गप्पा फुकट! जावयांनी दिलेली वस्तू कोपऱ्यात कशी ठेवणार? मी पलंगाशेजारचा जुना फोन काढून माळ्यावर टाकला. टेलिफोनच्या तारेवर राहिला फक्त मॉडेम. डबा पलंगाशेजारी मांडला, वर क्रोशाचं झाकण घातलं. आलेल्या पाहुण्यांना चहाच्या आधी डबा दाखवायचो. "फोन आहे की सत्यनारायण?" असं सुमन विचारायची. मोबाइल घ्यायचंही मी टाळलं. अमेरिकेचा नंबर असताना मोबाइल कशाला?

त्या दुपारी छातीवर कुणीतरी जांभ्या दगडाचा चिरा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड पडला. सुमनने फोन उचलला तर तो मुका. भारनियमन! वीज तयार होते ती आमच्याच जिल्ह्यात, पोफळीला. पण त्या दिवसांत दुपारची आमच्याकडे फिरकायची नाही. आणि वीज नसली की डबा म्हणजे नुसता डबा. ती परसातल्या दगडी गडग्यापाशी धावली आणि शेजारच्या हमीदभाईंना हाका मारू लागली. ते नमाज पढायला गेले होते. परतले तेव्हा कुठे त्यांना ऐकू आलं. "काय झाला वहिनी?" म्हणत त्यांनी रिक्षा काढली. मी तेव्हा कपाटात बरा शर्ट शोधत होतो.

पुढे कोल्हापूरला अँजिओप्लास्टी झाली. वाहिनीत बारीक फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची नळी बसवतात. मला वाटलं, सुटलो. पण इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तेव्हा कळलं की स्नायूचा एक भाग थकलाय तो थकलाच.

"पुन्हा दुखलं तर आधी फोन," कोल्हापूरहून परतल्यावर आमच्या रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावलं. "रिक्षा नको, ॲम्ब्युलन्स. तिच्यात ऑक्सिजन असतो. आणि यापुढचा उशीर तुमच्या हृदयाला परवडणार नाही."

घरी आल्यावर मी म्हटलं, वीज असताना तरी डबा चालतोच. हॉस्पिटलचा नंबर फिरवला. एक बाई अत्यंत गोड इंग्रजीत म्हणाली की असा नंबरच नाही. मग डब्यावर चिकटवलेला तातडीचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला कुणी पुरुष खणखणीत आवाजात काय संकट आहे ते विचारू लागला. मी "नथिंग, टेस्टिंग" म्हणून रिसीव्हर आपटला.

थोड्याच वेळात मुलीचा फोन. "बाबा, काय केलंत तुम्ही? दारात पोलीस उभे आहेत! आणि हे टॉवेलवर आहेत!"

डब्याची नोंद त्यांच्या पत्त्यावर होती. माझ्या छातीत कळ आली असती तर ॲम्ब्युलन्स जावयांना न्यायला गेली असती. जावई मात्र सज्जन. म्हणाले, "बाबा, हे मीच आधी सांगायला हवं होतं. हा फोन गप्पांचा. तातडीसाठी तुमचा जुनाच लावा." जुन्या फोनला घरची वीज लागत नाही, ती तारेतूनच येते, हेही त्यांनीच सांगितलं.

जुना फोन माळ्यावरून उतरला. मी तो जोडून कानाला लावला आणि म्हटलं, झालं. सुमन म्हणाली, "थांबा." तिने घरचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, डब्याचे दिवे विझले. "आता करते हॉस्पिटलला फोन."

"हॅलो, पेशंट नाहीये हो. फोन लागतो का ते बघतेय."

"लागला म्हणूनच बोलतोय ना काकी!" पलीकडचा हसला.

तिने तरी त्याच्याकडून आमचा पत्ता, देवळामागची वाट, दारातली विहीर, सगळं परत म्हणून घेतलं. मग दर अमावस्येला मेन स्विच बंद करून फोन करायचा तिने परिपाठच ठेवला. मी तिला हसायचो.

पुढच्या फणसांच्या मोसमात, भर दुपारी, वीज गेलेली असताना तोच चिरा पुन्हा छातीवर बसला. या वेळी मी फणसाचं नाव काढलं नाही. नुसतं म्हणालो, "सुमन, फोन."

रिसीव्हरमधला आवाज मला पलंगावर ऐकू येत होता. "काय काकी, आज अमावस्या?"

"नाही रे बाबा. आज खरा."

पलीकडचं हसू तिथेच थांबलं. "पत्ता पाठ आहे. गाडी निघालीच." मी शर्टाचं नाव काढायच्या आत ॲम्ब्युलन्स विहिरीशी उभी होती आणि माझ्या नाकाला ऑक्सिजन.

हॉस्पिटलात ट्रोपोनिन तपासलं. हृदयाचा स्नायू मेला की रक्तात वाढणारं ते द्रव्य. पहिल्यांदा तपासलं, वाढलेलं नव्हतं. काही तासांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही नाही. "गुठळी धरत होती, तेवढ्यात गाठलं तिला," डॉक्टर म्हणाले. "काहीही गमावलं नाहीत. शाबास!" ही शाबासकी कोणाला ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरी असा डबा आला असेल तर जरूर गप्पा मारा. पण आजच मेन स्विच खाली ओढा आणि तुमच्या गावचं हॉस्पिटल फोन उचलतं का ते बघा. लाजू नका. माझे तर पोलिसही बोलावून झालेत.

घरी आलो त्या संध्याकाळी मला भरून आलं. सुमनचा हात धरून म्हणालो, "तू होतीस म्हणून मी वाचलो."

ती माझ्या गोळ्या वाटीत काढत होती. म्हणाली, "मी पहिल्या खेपेलाही होतेच हो. तेव्हा फोन तेवढा अमेरिकेत होता."