दादाचं हेवी मेटल आणि पालीचे ढोल

स्वारगेटवर भोरच्या एसटीत बसल्यावर मी दादाला चार वेळा विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?" चारही वेळा तो खिडकीबाहेर बघत राहिला. तेवढ्यात मागून कंडक्टरने विचारलं, "कुठं जायचं, काका?" तर स्वारी ताडकन वळली, "दोन भोर." मी मनात म्हटलं, वहिनींचं काही चुकत नाही.

या प्रवासाला मला वहिनींनीच धाडलं होतं. निमित्त दादाच्या जुन्या मित्राला भेटायचं आणि पालीला जाऊन राजगड बघायचा. खरं काम निराळं होतं. दादाने सत्तावीस वर्षं फोर्जिंगच्या कारखान्यात काढली. तापलेल्या लोखंडावर जिथे अजस्र यांत्रिक हातोडा आदळतो, त्या खात्यात. निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता सकाळ-संध्याकाळ नाट्यगीतं ऐकेल. पण शेजारची मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेली, जाताना कॅसेटचा खोका रद्दीत टाकून गेली आणि दादाने तो उचलून आणला. सगळं हेवी मेटल. वेष्टणावर कवट्या, साखळदंड, आगीचे लोळ. पाहुणे आले की वहिनी त्यावर वर्तमानपत्र पसरायच्या.

"पुरुषांचं सगळं ऐकू येतं ह्यांना," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "दूधवाल्याचं येतं, वॉचमनचं येतं. मी हाक मारली की बहिरे. चार वर्षं झाली, वन्सं. घरात मी एकटीच बडबडते. रविवारपर्यंत त्या कॅसेट घराबाहेर गेल्या नाहीत, तर मी नाशिकला लेकाकडे राहायला जाते. कायमची." बॅग खरोखरच भरून ठेवलेली होती. दादाला समजावून आणायचं मी कबूल केलं. शिवाय माझाही राग होताच. मी घरी गाण्याचे वर्ग घेते. पहिल्या पगारात मला पेटी घेऊन देणारा, माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणारा हा माणूस गेल्या वेळी मध्यंतरालाच उठून गेला होता. ते मी विसरले नव्हते.

शिवऱ्याजवळ एसटी पंक्चर झाली. श्रावणातली भुरभुर चालू होती. आम्ही रस्त्याकडेच्या टपरीत शिरलो. टपरीवालीने दादाला दोनदा विचारलं, "साखर किती टाकू?" दादाने लक्षच दिलं नाही. "लई गुर्मी हाय की पावन्यांना," असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं आणि दोघांच्याही चहात भरपूर साखर लोटली. मला लाज वाटली. दादाने तोवर वॉकमन काढून कानाला लावला होता. मी त्याच्या एका कानातला इयरफोन काढून माझ्या कानाला लावला.

पाचच मिनिटं ऐकलं, पण प्रामाणिकपणे ऐकलं. खालून काहीतरी धडधडत होतं, त्यावर गिटारी करवतल्यासारख्या चालल्या होत्या आणि एक माणूस कुणीतरी त्याची जमीन बळकावल्यासारखा ओरडत होता. सूर शोधायला गेले तर सापडेना.

"काय आवडतं रे तुला यात?" मी त्याच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

दादाने क्षणभर विचार केला. "ऐकू येतं," तो म्हणाला.

"ट्रकचा हॉर्नही ऐकू येतो," मी म्हटलं. तो हसला आणि चहा पिऊ लागला. मला वाटलं, उत्तर टाळलं.

भोरला रशीदभाई स्टॅंडवर आले होते. दादाबरोबर त्याच हातोड्यावर राबलेले. आता गावात वेल्डिंगचं छोटं दुकान चालवतात. त्यांच्या घरी जेवायला बसलो, तेव्हा भाभी म्हणाल्या, "तुमचा श्रावण, म्हणून वेगळी पातेली काढली. बिनघोर जेवा." बटाट्याची भाजी, लसणीची आमटी, गरम भाकरी. दादा तीन भाकऱ्या जेवला. चौथी वाढू का असं भाभींनी विचारलं, तेव्हा मात्र तो ताटात बघत राहिला. भाभींनी समजून भाकरी परत नेली.

जेवणानंतर मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, कारखान्यातलाच माणूस पंच बरा. रशीदभाईंच्या कानाला कॅसेट लावली. अर्ध्या मिनिटात त्यांनी ती काढून ठेवली.

"बाप रे! ह्ये तर आपलं खातंच हाय, वसंतराव!"

"मग?" दादा खुलला.

"मग काय? सत्तावीस वर्षं ऐकलं तेवढं बास झालं. मला आता चिमणीसुद्धा हळू वरडली पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर तुमचा भाऊ येगळा होता हं ताई. आमी हातोड्याला शिव्या घालायचो, ह्ये त्याला जीव लावायचे. पायाखालची जमीन कशी हलती त्यावरनं सांगायचे, साचा सैल झालाय म्हनून. यंत्र उघडावं, तर खरंच सैल."

एकाच आवाजात दोघांचा जन्म गेला. एकाला तो नको झालेला, दुसऱ्याला सोडवत नाही. आवडनिवड कुठून येते कोण जाणे. मला मात्र माझा साक्षीदार फितूर निघाला याचंच वाईट वाटलं, कारण दादा आता जास्तच खुशीत होता. निघताना रशीदभाईंनी एक जड पिशवी हातात दिली. पालीच्या ज्ञानूआबांच्या ढोलांसाठी लोखंडी कड्या. गणपती तोंडावर आलेले आणि वेल्ह्याकडची ढोलपथकं सरावाला लागलेली. "आबांकडंच मुक्काम करा," ते म्हणाले. "मी निरोप धाडलाय."

नसरापूरला उतरून वेल्ह्याच्या गाडीने मार्गासनीपर्यंत आणि तिथून खचाखच भरलेल्या जीपने पाली. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी, पायांवर कड्यांची पिशवी. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं तुडुंब भरलेली, बांधाबांधाने बायका इरली (पाठीवर घ्यायचं पानांचं पावसाळी आच्छादन) घेऊन चाललेल्या. राजगड कुठे दिसेना. जीपवाल्याने ढगात बोट दाखवलं. "त्यो काय! हाय तिथंच हाय, जातोय कुठं!"

ज्ञानूआबा म्हणजे पथकाचे वस्ताद. सत्तरीच्या पुढचे, काटक. ओसरीच्या लाकडी खांबाला पाठ लावून बसले होते. आम्ही अंगणात आलो तरी त्यांना चाहूल नाही. इतक्यात त्यांच्या कारभारणीने, सरूबाईंनी, दारातून त्याच खांबावर मुसळाचा एक ठोका दिला. आबा लगेच उठले. "या, या! पावनं आलं जनू!"

मी चकित. सरूबाई हसून म्हणाल्या, "एक ठोका म्हंजी पावना. दोन म्हंजी जेवाय या. तीन म्हंजी माझं डोस्कं फिरलंय. जलमभर ढोल बडवलं, कान गेलं त्यांचं. माझं बोलनं पोचतच न्हाई. मंग सासूनं ही रीत शिकिवली. हितं ढोलवाल्यांच्या घरात समद्याच बायका खांब वाजिवत्यात."

मी हसले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पाच वाजता देवळापुढे सराव सुरू झाला. सोळा ढोल, दोन ताशे. एका हातात टिपरू (ढोलावर मारायची काठी), दुसऱ्या हाताची थाप. पहिल्याच ठोक्याला मी चार पावलं मागे सरले. दादा मात्र पुढे गेला. त्याने चपला काढल्या आणि ओल्या फरसबंदीवर अनवाणी उभा राहिला, डोळे मिटून. माझ्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत तो असाच डोळे मिटून बसायचा.

जरा वेळाने त्याने डोळे उघडले आणि आबांना हात केला. आबांनी ढोल थांबवले. "डावीकडून पाचवा. पान सैल आहे त्याचं."

आबांनी त्या ढोलाच्या लाकडाला पाठ लावली, पोराला एक ठोका मारायला लावला आणि त्यांचे डोळे चमकले. पान, म्हणजे ढोलाचं कातडं, खरंच उतरलेलं. एक जुनी कडी वाकून दोर ढिला पडला होता. रशीदभाईंची नवी कडी घालून दोर आवळला.

"तुमचं बी कान गेल्यालं दिसत्यात," आबा आनंदाने म्हणाले.

"छे, मला ऐकू येतं," दादा म्हणाला.

"मला बी येतं. ढोल येतो, गडी मानसाचं येतं. बायामानसांचं येत न्हाई, पाखराचं येत न्हाई. मोठ्ठ्या आवाजात जलम गेला, की वरचं बारीक आदुगर जातं बघा. तुमच्या मंडळींचं येतं का?"

दादाने चपला पायात सरकवल्या. मग आबांकडे न बघता म्हणाला, "ती माझ्याशी बोलेनाशी झालीय. चार वर्षं. काय चुकलं माझं, कळत नाही. विचारायचं धाडस होत नाही."

मला वाटलं, पायाखालची फरशी सरकली. वहिनी दिवसभर बोलतात! ओट्याशी उभ्या राहून, भाजी चिरता चिरता, त्याच्याकडे पाठ करून. त्यांचा आवाज माझ्यासारखाच, बारीक आणि वरचा. पाण्याची बाटली विचारणारी मी, टपरीवाली, भाभी. कंडक्टरचं मात्र पहिल्या हाकेला. सगळं माझ्यासमोर घडलं होतं आणि मी गाण्याची बाई, मला कळलं नव्हतं.

मी दादाच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "दादा." तो ढोलांकडे बघत होता. मग आवाज जमेल तेवढा खाली, पोटात उतरवला. "दादा."

तो वळला. "काय गं?"

मला रडू आवरेना, तरी आवाज खालीच ठेवून विचारलं, "माझ्या कार्यक्रमातून का उठून गेलास तू?"

त्याने बोटं मोडली. "तुझे नुसते ओठ हलताना दिसत होते, कुसुम. तबला येत होता, तू येत नव्हतीस. म्हटलं, माझं लक्ष लागत नाही, वय झालं. तुला कसं सांगू? त्या कॅसेटमध्ये काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण ते लावलं की सगळंच्या सगळं पोचतं. काही सुटत नाही."

मला त्या संगीताचा राग नव्हताच मुळी. दादाने मला सोडून ते धरलं, याचा राग होता. मत्सरच म्हणायचा. तो राग त्या ओल्या फरशीवर उतरला, तेव्हा मला फार हलकं वाटलं.

संध्याकाळी ओसरीवर सरूबाईंनी नाचणीची भाकरी आणि कुरडूची रानभाजी वाढली. आबांनी वॉकमन ऐकला आणि मान डोलावली. "ताल धरून हाय गडी." सरूबाईंनी ऐकला आणि काढून टाकला. "ह्ये गानं हाय का बांधावरचं भांडान?" दोघांचंही मला पटलं. जेवणानंतर मी खांबाला पाठ लावून बसले, दादाला पलीकडच्या बाजूने तसंच बसायला सांगितलं आणि मंद्र सप्तकात, माझा गळा जाईल तितक्या खाली, गाऊ लागले. फार खाली माझा आवाज चांगला लागत नाही, खरखरतो. दुसऱ्या ओळीला दादाने मांडीवर ताल धरला. चुकला नाही कुठेच.

सकाळी ढग फाटले आणि राजगड एकदम समोर उभा राहिला, धुतलेला, हिरवागार. आम्ही अर्धा तास चढलो. मग दादाच्या गुडघ्यांनी आणि माझ्या श्वासाने एकमताने ठराव केला, तसे एका खडकावर बसून गड बघितला आणि उतरलो.

परतीच्या एसटीत दादा झोपला आणि मी वहिनींना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिले. कानाच्या डॉक्टरांकडे जायचं त्याने कबूल केलं होतं. कॅसेट सोडायचं मी विचारलंच नव्हतं. अजूनही मला ते हेवी मेटल आवडत नाही, आवडेल असं वाटतही नाही. पण एखाद्याला एखादी गोष्ट का आवडते, हे विचारल्यावर तो जे उत्तर देतो ते नीट ऐकावं, एवढं मी शिकले. दादाने टपरीवर दोन शब्दांत सगळं सांगितलं होतं. बहिरी मी होते.

घरी पोचताच दादा दिवाणावर बसला आणि कानाला वॉकमन लावला. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "सोडतायत का?"

"नाही," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. आबांचे कान, सरूबाईंचा खांब, बारीक आवाज. शेवटी म्हटलं, "त्याला वाटतंय, तुम्हीच त्याच्याशी बोलणं टाकलंत."

वहिनींनी गॅस बंद केला. "आणि मला वाटत होतं, मी नकोशी झालेय," त्या म्हणाल्या. त्यांनी कोरड्या ओट्यावरून एकदा फडकं फिरवलं. मग पदराला हात पुसून बाहेर गेल्या. दादाची पाठ त्यांच्याकडे होती. त्या दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या आणि फळीवर तळहाताने दोन ठोके दिले. दादाने वॉकमन उतरवला.

"अहो," वहिनी म्हणाल्या. इतक्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"ओ," दादा म्हणाला आणि वळून त्यांच्याकडे बघू लागला. "काय?"

पुढे काय विचारायचं, ते वहिनींनी ठरवलंच नव्हतं. त्यांचा चेहरा गोंधळला.

"काही नाही," त्या तशाच खालच्या आवाजात म्हणाल्या. "नुसतीच हाक मारली."