बाजू बदललेली बासरी

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी नेरूळच्या बाजारात कोळंबीच्या वाट्यावरून कोळणीशी हुज्जत घालत होतो. "काशिनाथ गेले," एवढंच त्या म्हणाल्या. कोळंबी तिथेच राहिली. ज्याच्या बासरीला मी उभा जन्म तबल्याची साथ केली, तो माणूस नाही, हे महिना उलटला तरी पचनी पडत नाही…

बेलापूरजवळच्या गावातला हा आगऱ्याचा मुलगा. वडील मिठागरावर कामाला. गावच्या भजनात बसून बसून यानं बासरी उचलली, मग ठाण्याच्या एका गुरुजींनी त्याला चांगला तासून काढला. पुढे पुणे, कोलकाता, परदेश… मी बेलापूरच्या ऑफिसात रजेचे अर्ज टाकत त्याच्यामागे फिरलो. साहेब वैतागायचे. वैतागू देत! काशिनाथ मारवा आळवायला लागला की मला वाटायचं, आपण ठेका धरूच नये, नुसतं ऐकत बसावं.

साठी जवळ आली आणि एका सकाळी चूळ भरताना त्याच्या तोंडातून पाणी गळायला लागलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. औषधं झाली, व्यायाम झाले. चेहरा बराच सुधारला, पण ओठ काही सुधारेनात. बासरीत फुंकलं की निम्मी हवा डावीकडून निसटायची, नुसती फुसफुस. डॉक्टरांनी हात टेकले. मी हादरलो, कारण या माणसाला बासरीखेरीज काही म्हणजे काही येत नव्हतं, साधा चहासुद्धा नाही. आता फक्त शिकव, असं मी सुचवलं. तो घरच्या बोलीत शांतपणे म्हणाला, "तोंडाची एक बाजू गेली. दुसरी हाय ना अजून."

आणि जन्मभर उजवीकडे धरलेली बासरी त्यानं डावीकडे फिरवली, फुंकर तोंडाच्या शाबूत, उजव्या कोपऱ्यातून यावी म्हणून! म्हणजे वरचा हात खाली, खालचा वर, बोटांना ठाऊक असलेलं सगळं उलटं. देशोदेशी वाजवून आलेला हा गडी पुन्हा सारेगमपासून बसला. इतका बेसूर, की शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली, कोण नवशिका त्रास देतोय म्हणून. हा जाऊन माफी मागून आला, वर म्हणाला, नवशिकाच आहे. मला त्याचा राग यायचा. एवढं नाव कमावून कशाला हसं करून घ्यायचं? पण तो हटला नाही. काही वर्षांनी वाशीच्या सभागृहात तो पुन्हा बसला, आणि मारवाच लावला. स्वर पूर्वीपेक्षा बारीक होता, थोडी हवाही यायची त्यात… पण पहिला कोमल रिषभ लागला आणि माझे डोळे भरून आले. पुढे गत सुरू झाली तरी ते वाहतच होते, माझी सम हुकली. त्यानं मान हलवून मला अलगद जागेवर आणलं. असला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा गेलो तर वहिनी त्याच्या मोठ्या बासरीला मोहरीचं तेल लावत होत्या. फुंकायच्या भोकाचा एक काठ ओठ टेकून टेकून काळाभोर झाला होता. बासरी फिरवल्यावर ओठ टेकायचे त्या समोरच्या काठावरही तसाच डाग होता, पण फिकट, तपकिरी. वहिनींनी त्यावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "अजून थोडी वर्षं मिळाली असती, तर हीसुद्धा बाजू काळी झाली असती."