जनसुनावणीला चला, चिवडा मोफत

लोक एप्रिलमध्ये महाबळेश्वरला जातात, मी संभाजीनगरला जनसुनावणी बघायला गेले. सोपानमामांचा फोन आला होता, "शहराचा नवा रस्ता आपल्या गायरानातून चाललाय. त्यातलं तळं बी जातंय म्हनं. कायद्यानं आमाला इचारनार हायेत. तू शिकल्याली, चल संगं." मामा माझ्या आईचे भाऊ, गाव फुलंब्रीजवळ, दारात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हा सलग दुसरा दुष्काळ आणि मेंढरांना पाणी उरलंय ते फक्त त्या तळ्यात, तेही गुडघाभर. सरकार आपणहून विचारतंय हा योग आयुष्यात किती वेळा येतो? मी बॅग भरली.

पुण्याहून पहाटेची एसटी घ्या, नगरमार्गे सहा तास. डावीकडची खिडकी धरा, नाहीतर उन्हात भाजून निघाल. दुपारी मामा शहरात भेटले आणि आम्ही आधी गुलमंडीत गेलो, कारण साहेबांपुढे जायला त्यांना नवी टोपी हवी होती. चार दुकानं फिरून, आठ टोप्या डोक्यावर चढवून एक पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. ती गावात असेल असं तुम्हाला वाटलं असेल, मलाही वाटलं होतं. पण ती औरंगपुऱ्याजवळच्या एका थंडगार सभागृहात होती, स्टँडवरून रिक्षाने जाता येतं. वेळ अकराची, म्हणजे गावात टँकर येतो तीच. त्यामुळे गाव हंडे घेऊन टँकरपाशी आणि सभागृहात गावाच्या वतीने मामा एकटे. बाकी खुर्च्यांवर कर्मचारी आणि चिवड्याची पाकिटं.

साहेबांनी पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला. त्यात तळं नव्हतंच, त्यामुळे ते बुजवण्याचा प्रश्नही नव्हता. मग साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "कोणाची काही हरकत?"

मी मामांना कोपराने ढोसलं. त्यांनी माझा हात दाबला आणि ताठ बसून राहिले.

"हरकत नाही. धन्यवाद. नाश्ता घेऊन जा."

बाहेर पायऱ्यांवर मी जवळजवळ ओरडलेच, "मामा, बोलला का नाहीत?"

"घर त्येंचं, आपुन पाव्हनं," मामा म्हणाले. "आमच्या बैठकीत यजमान नाव घिऊन म्हन्तो, बोला पाव्हनं. मंगच पाव्हन्यानं बोलावं. म्या वाट बघत व्हतो."

नव्या टोपीखाली घामेजलेला त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं. चिवडा मात्र मी खाल्ला होता, हेही कबूल करते.

नोटिशीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की लेखी हरकती तीन दिवस घेतल्या जातील. मग काळीपिवळी धरून गाव गाठलं, मामींच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि तळ्याच्या पाळीवर बसून अर्ज लिहिला: सुनावणी इथे, पाळीवर घ्या, टँकरची वेळ सोडून. मेंढरं खाली पाणी पीत होती. सह्या, अंगठे मिळून पाच पानं भरली. हे तळं पर्यटनस्थळांच्या यादीत नाही, तरी जाच.

दुसऱ्या दिवशी शहरात, नोटिशीवरच्या कार्यालयातल्या बाईंनी कागद उलटेपालटे केले. "इतक्या हरकती? लोकांना तर विचारलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले, "फक्त उत्तर ऐकायचं राहिलं." त्यांनी न हसता पोच दिली.

पुण्यात परत येऊन तीन आठवडे झाले. रस्त्याचं काय होणार कुणालाच माहीत नाही, आणि नळ सोडला की मला त्या तळ्याचीच काळजी वाटते. काल मामांचा फोन आला. साहेब खरोखरच पाळीवर आले होते.

"ह्या खेपंला घर आमचं," मामा म्हणाले. "म्हंजी साहेब पाव्हनं. चटई टाकली, च्या दिला."

"मग?"

"मंग काय, बसले वाट बघत. बोला पाव्हनं, असं कुनी म्हन्लंच नाय."

"किती वेळ?"

"समद्या गावाचं बोलून होईस्तवर. मंग म्याच नाव घिऊन म्हन्लं, बोला पाव्हनं. तर म्हन्ले, आधी नकाशावर तळं कुठं काढू ते सांगा."