अण्णांचा संथ जीवाणू

जीवाणूंच्या प्रयोगशाळेत अण्णांनी एकतीस वर्षं काढली. मातीतले जीवाणू बशीत वाढवायचे, त्यांच्याभोवती रोगजंतू मरतात का ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. अकराशे जीवाणू त्यांच्या हाताखालून गेले. त्यातल्या हजारांपुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘काही नाही’ असं लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सर, निवृत्त झाले, तसे ते सगळे जीवाणू फ्रीजरच्या तळाशी गेले आणि अण्णा बशा धुण्यावर आले.

मग नव्या मॅडम आल्या, वयाने अण्णांच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी तळातल्या ‘काही नाही’वाल्या एका जीवाणूची जनुकं तपासून घेतली आणि अण्णांना कागद दाखवला. याला तीस तऱ्हेचे पदार्थ बनवता येतील, पण बनवतो चारच. बाकीची जनुकं झोपलेली आहेत, असं त्या म्हणाल्या. ती त्यांना जागी करायची होती.

अण्णांनी मान डोलावली, पण गोष्ट मनाला लागली. आयुष्यभर लिहिलेलं खोटं ठरलं, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलं.

“खोटं काय त्यात?” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंत तेव्हा तो काही करत नव्हता. तुम्ही झोपलेले असताना मला कुणी विचारलं, तर मीही तेच सांगेन.”

अण्णांना हसू आलं, पण जेवण काही गेलं नाही.

मॅडमनी त्या जीवाणूचे हाल मांडले. उपाशी ठेवला, उकाड्यात ठेवला, शेजारी एक दांडगा जीवाणू आणून बसवला. ढिम्म! शेवटी त्याच्या अन्नात औषध कालवलं, त्याला मारायला पुरणार नाही इतकंच. जिवावर बेतल्यावर तरी हातपाय हलवेल, असा त्यांचा अंदाज. तिसऱ्या दिवशी तपासलं, तर यंत्रात काहीच दिसलं नाही. त्यांनी बशा टाकून द्यायला सांगितल्या.

अण्णा ट्रे घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“मॅडम, हा मुळातच संथ आहे. मोठ्या सरांची तिसऱ्या दिवशी बघायची शिस्त होती, म्हणून मी तिसऱ्या दिवशी लिहीत आलो. पण एखादी बशी धुवायची राहिली, की आठवड्यानंतर हा अंग धरतो. दहा दिवस द्या त्याला.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“कुणी विचारलं नाही.” ट्रे टेबलावर ठेवत ते म्हणाले, “मीही स्वतःला विचारलं नाही.”

दहाव्या दिवशी औषध घातलेल्या दोन बशांत फिकट विटकरी रंग उतरला. बिनऔषधाच्या बशीत तो नव्हता. पदार्थ नवा निघाला, कुठल्याच यादीत नसलेला. औषधांना दाद न देणारा एक हट्टी जंतू त्याच्यापुढे पार लोळला.

दोन महिन्यांनी कळलं, की तो पदार्थ माणसाच्या पेशींनाही सोडत नाही. औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. मॅडम जिन्यात जाऊन बसल्या. अण्णा चहा घेऊन गेले आणि शेजारच्या पायरीवर टेकले.

“अजून पंचवीस झोपलेत,” ते म्हणाले.

अण्णा त्याच वर्षी निवृत्त झाले. शोधाच्या लेखात मॅडमनी स्वतःच्या शेजारी त्यांचं नाव घातलं. आता ते आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत येतात, डोळ्यांवर चष्मा सरकवून बशा एकेक करून बघतात, आणि कुठली किती दिवस ठेवायची ते सांगतात.